विचारलं नव्हतं, तरी सांगतो

कोणताही चार अंकी आकडा घ्या. चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ११११ नको. बाकी काहीही चालेल. मी १९६० घेतो, महाराष्ट्राचं जन्मवर्ष. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ९६१०. मग उलटे: ०१६९. पहिल्यातून दुसरा वजा करा. आले ९४४१. आता याच्यावर पुन्हा तोच प्रयोग. ७९९२. पुन्हा. ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या फेरीला ६१७४. आठवी करून बघा: ७६४१ वजा १४६७. परत ६१७४च! गाडी पुढे हलत नाही. तुम्ही कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत याच स्टेशनात येऊन थांबता.

हे वाचताना तुमचा हात पेनाकडे गेला असेल, तर या, बसा. तुम्ही आमच्यातले. हात कपाळाकडे गेला असेल, तर तुमच्या घरात आमच्यातलं कुणीतरी नक्की आहे. त्यांना कसं सांभाळावं हे पुढे येईलच. मधेमधे मी भरकटेन, पण तो या जमातीचा स्वभाव आहे.

डोंबिवलीचा आकडा

६१७४ची ही गंमत दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली शोधली. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. नोकरी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत, शाळामास्तरची. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. 'हे कसले पोरखेळ' म्हणून आपल्याकडचे गणिती त्यांना हसत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचा मास्तर जगाच्या गणितात जाऊन बसला. कापरेकर स्वतःबद्दल म्हणत, की दारुड्याला जशी दारूची धुंदी सोडवत नाही, तसं माझं आकड्यांच्या बाबतीत होतं.

त्यांनी आकड्यांच्या एका कुटुंबाला 'डेम्लो' असं नाव दिलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्या घरातली सगळ्यांत देखणी भावंडं, म्हणजे १, ११, १११ आणि ११११ यांचे वर्ग. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. या आकड्यांचा विचार त्यांना तिथे सुचला, म्हणून हे नाव. तेच आजचं डोंबिवली. मी रोज सकाळी त्याच स्टेशनात उभा असतो. मला तिथे आजवर सुचलेला सर्वांत खोल विचार म्हणजे फास्ट पकडावी की स्लो.

जाता जाता: ४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. अशा आकड्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ते वर्ष आमच्या घरी या कारणासाठी साजरं झालं. श्रीखंड होतं. यापुढचं पूर्ण वर्गाचं वर्ष २११६, त्यामुळे घाई केलेली बरी.

छंद, नाद, वेड, खूळ

नर्ड हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसतो तो लहान मुलांच्या पुस्तकात. डॉ. स्यूस यांच्या १९५०च्या 'इफ आय रॅन द झू'मध्ये नर्ड नावाचं एक काल्पनिक जनावर आहे. वर्षभरातच 'न्यूजवीक'नं बातमी दिली, की डेट्रॉइटमधली पोरं रटाळ माणसाला नर्ड म्हणू लागली आहेत. त्याचा चुलतभाऊ 'गीक' तर थेट जत्रेतून आला. अमेरिकेतल्या फिरत्या तमाशांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा, तो गीक. आज तो शब्द पोरं अभिमानानं छातीवर छापून फिरतात. कोंबड्यांना कुणी विचारलेलं नाही.

मराठीत यासाठी शब्दांची अख्खी शिडी आहे. शाळेत घासू, चष्मिस, पुस्तकी किडा. घरी मात्र छंद, नाद, वेड आणि खूळ. वस्तू तीच, फक्त पायरी बदलते. पगार वेळेवर येतोय तोवर छंद. रविवारी बायको एकटी बाजारात गेली की नाद. कपाटातले कपडे पलंगाखाली जाऊन तिथे जुन्या कुलपांचा संग्रह बसला की वेड. आणि सासऱ्यांच्या कानावर गेलं की खूळ. माणूस मेल्यावर त्याच खुळाचं वस्तुसंग्रहालय होतं आणि शाळांच्या सहली येतात. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी 'अज्ञातवासी', यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असलं गोळा करत वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. त्यातल्या अडकित्त्यांपुढे मी एकदा इतका वेळ उभा राहिलो, की रखवालदारानं येऊन "काही हरवलंय का?" असं विचारलं.

पुलंच्या सखाराम गटण्याला तर विसरून चालणारच नाही. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२चं पुस्तक, पण आजही कुणी छापील मराठीत बोलू लागला की त्याचं आडनाव गटणे होतं. हे नाव मलाही पडलेलं आहे. मी ते बिरुद म्हणून लावतो.

समर्थांची खोड

घासूंच्या विरोधातला सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणून आमचे एक काका दासबोध काढतात. दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे, दहावा खास पढतमूर्खांचा. शिकलेल्या मूर्खाला वेगळा समास! काका हे सांगताना माझ्याकडे बघतात.

पण तो समास नीट वाचला तर समर्थ ज्ञानावर चिडलेले नाहीत. स्वतःच्या जाणतेपणाच्या जोरावर प्रत्येकाला नावं ठेवणारा आणि प्रत्येकात काहीतरी उणं काढणारा, त्याला त्यांनी पढतमूर्ख म्हटलंय. माहिती असणं हा गुन्हा नव्हे, ती दुसऱ्याच्या डोक्यात घालणं हा गुन्हा.

आणि आता काकांना मी जे सांगतो ते. त्याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडा. नाव आहे लेखनक्रियानिरूपण. विषय: सुवाच्य अक्षर कसं काढावं. अक्षरं वाटोळी, सरळ, मोकळी हवीत. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी. पोथीतलं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. शिवाय लेखण्या, शाया, कागद, लेखणी कापायच्या सुऱ्या यांचे प्रकार. समासाची रुंदी आणि शाईचा रंग यांवर इतकं बारीक लिहिणारा माणूस आज असता, तर फाँटवरून रात्री दोनपर्यंत वाद घालणाऱ्यांत तो पहिला असता. काका यावर 'हं' म्हणतात. काकांच्या 'हं'मध्ये बरंच काही असतं.

स्वतःच्याच पुस्तकाचा दाखला

विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) पेशानं वकील. वकिली सोडून देशभर हिंडले, उस्तादांच्या घराण्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. रागांची दहा थाटांत वाटणीही त्यांचीच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मजा पुढे आहे. त्यांनी 'चतुर पंडित' या टोपणनावानं संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिलं. मग स्वतःच्या मराठी ग्रंथात गुरु-शिष्यांचा संवाद रचला आणि त्यात गुरुजी अधूनमधून म्हणतात, की याबाबत चतुर पंडिताचं मत प्रमाण आहे. म्हणजे पक्षकार, वकील आणि साक्षीदार एकच. वकिलीचा काही तरी उपयोग झाला म्हणायचा.

टोपणनावाचा दुसरा किस्सा जयंत नारळीकरांचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, झालं. पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ स्थानिक स्पर्धेत चोरून भाग घेतो, याहून चांगली शिफारस आमच्या जमातीला नको.

आणि चिकाटीच पाहायची असेल, तर पुण्याची भांडारकर संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती. काम १९१९ ला सुरू, पूर्ण १९६६ ला. १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. पद्धत कशी, तर चौकटी आखलेला मोठा कागद, वर श्लोकाची ओळ एकेक अक्षर एकेका चौकटीत, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. ज्या पोथीत ज्या अक्षराला फरक, तो त्या अक्षराच्या खाली. शारदा, ग्रंथ, मल्याळम, बंगाली, नेवारी अशा निरनिराळ्या लिप्या वाचणारी माणसं सत्तेचाळीस वर्षं हे करत होती. या छाननीत व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय हा सगळ्यांचा लाडका प्रसंग मागाहून आलेला ठरला आणि मुख्य संहितेतून परिशिष्टात गेला. हा निर्णय पुण्यात झाला, दहा दिवस रस्ते बंद करून गणपती बसवणाऱ्या पुण्यात. याला म्हणतात हाडाचे अभ्यासक.

साडेतीनचा पाढा

माझे आजोबा चौथी शिकलेले. कापडाच्या दुकानात साडेतीन वार, अठरा रुपये वार, असं म्हटलं की दुकानदाराचा हात कागदापर्यंत जायच्या आत आजोबा म्हणत, "त्रेसष्ट." मला वाटायचं, जादू आहे. जादू नव्हती, औटकी होती. जुन्या शाळेत पूर्ण अंकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनला स्वतःचा पाढा!

असणारच. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, नाना फडणवीस अर्धे, कारण नानांना तलवार चालवता येत नव्हती. म्हणजे निव्वळ डोक्यानं चालणाऱ्या माणसाला अर्ध्यात मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सर्वांत जास्त लक्षात मात्र तो अर्धाच राहिला.

आचाऱ्यांना नमस्कार

चुलतबहिणीच्या लग्नात आभाराच्या फलकाचं प्रूफ माझ्याकडे आलं. त्यावर 'आचार्यांना विशेष धन्यवाद' असं छापलं होतं. धन्यवाद द्यायचे होते ते जिलबी आणि मसालेभात करणाऱ्यांना. तेव्हा 'आचाऱ्यांना' हवं. रफार दिला तर गुरुजी, अर्धचंद्रासारखा मुडपलेला र दिला तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. दोन भाऊ, चेहरा एक, धंदे वेगळे. हिंदीत हा मुडपलेला र लागत नाही, मराठीला लागतो. संगणकावर तो नुक्त्याच्या 'ऱ'पासून बनतो. युनिकोडमध्ये ते अक्षर द्राविडी भाषांमधला एक उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठीही आहे, आणि त्यालाच हलन्त जोडून आपला 'ऱ्य' तयार होतो. आपल्या दऱ्याखोऱ्यांचा रस्ता असा दक्षिणेच्या शेजारून जातो.

फलक दुरुस्त झाला. आचारी खूश. एक खरे आचार्यही लग्नाला आले होते, ते जरा खट्टू दिसले.

फलाटावर उभ्या उभ्या

गाडीला उशीर आहे? इंजिनावर डब्ल्यूएपी-७ लिहिलंय का बघा. डब्ल्यू म्हणजे वाइड, रुंद रुळांवरचं, आपलं ब्रॉडगेज. ए म्हणजे एसी विजेवर चालणारं. पी म्हणजे प्रवासी गाडीचं. तिथे जी असेल तर मालगाडीचं, एम असेल तर दोन्हीचं. सात हा त्या जातीचा क्रमांक. मेल-एक्स्प्रेसच्या डब्यावरच्या आकड्यातले पहिले दोन अंक सहसा डबा कोणत्या वर्षी बांधला ते सांगतात. आपण ज्या डब्यात बसलोय तो आपल्या पोरापेक्षा मोठा की लहान, हे कळलं की प्रवासाला वेगळीच मजा येते. पोराला येत नाही. पोर मोबाइलवर.

आणि 'पाय'चा दिवस अमेरिकेत १४ मार्चला, कारण ते महिना आधी लिहितात: ३.१४. आपण तारीख आधी लिहितो, तेव्हा आपला दिवस २२ जुलै, म्हणजे २२/७. शाळेत 'पाय बरोबर बावीस सप्तमांश' शिकवलं म्हणून नंतर लोक नाकं मुरडतात. मुरडू नका. २२/७ ही किंमत ३.१४पेक्षा खऱ्या पायच्या जास्त जवळ आहे. भागून बघा.

जिथे मी आपटलो

आता कबुली. नर्डाची दोन पेटंट वाक्यं असतात. एक, "माहितीये का?" आणि दोन, "तसं नाहीये ते." पहिल्यानं माणसं जमतात, दुसऱ्यानं पांगतात. हे मला चाळिशीत कळलं, एका वास्तुशांतीत.

यजमान सहज म्हणाले, "बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला, आता उरकू." मी म्हणालो, "तसं नाहीये ते." आणि सुरू झालो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून आपली मध्यान्ह सरासरी बारा एकोणचाळीसच्या आसपास होते. पूर्वी मुंबईची स्वतःची घड्याळाची वेळ होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत चालली. शिवाय सूर्य अगदी डोक्यावर वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला ढगांमुळे दिसत नाही, त्यामुळे एकदाच धरा. एवढं बोलेपर्यंत पुरणपोळीवरचं तूप थिजलं होतं. गुरुजींनी शांतपणे पंचांग काढलं आणि बोट ठेवलं. मुहूर्त आधीच मुंबईच्या मध्यान्हीवरून काढलेला होता. ते गेली तीस वर्षं तसाच काढत होते. कुणाला न सांगता.

मागून एक आत्या पुटपुटली, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." बैल रिकामा होता, पोटही रिकामं होतं.

तेव्हापासून "तसं नाहीये ते" मी घराबाहेर काढत नाही. "माहितीये का?" मात्र सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. आकड्यांवर, अडकित्त्यांवर, ऱ्यवर, इंजिनावर जीव लावायला लाज कसली? फक्त तीन वाक्यांनंतर समोरच्याचे डोळे बघायचे. चमकले तर चौथं. मोबाइलकडे वळले तर गप. घरातल्यांसाठीही एक सोपा तोडगा आहे: आम्हाला आठवड्यातून एकदा खरंखुरं काहीतरी विचारा. उरलेले सहा दिवस आम्ही बऱ्यापैकी शांत असतो.

परवाची गोष्ट. रात्री जेवणं झाल्यावर आई चष्मा लावून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी मांडत होती. मी डोकावल्यावर तिनं हात आडवा धरला.

"काय करतेस?"

"तुझं ते मास्तरांचं. एटीएमचा नंबर घालून बघितला. आला रे ६१७४!"

"कितव्या फेरीला?"

आईनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "ते नाही सांगायचं. बँकेनं सांगितलंय, पिन कुणाला कळता कामा नये."

कागदाचे चार तुकडे करून तिनं ते ओल्या कचऱ्यात टाकले. मी म्हणालो, तीन फेऱ्या सांगितल्या असत्यास तरी चोराला २४०० पिन तपासावे लागले असते, तिसऱ्या फेरीला पोचणारे आकडेच सगळ्यांत जास्त आहेत.

तिनं विचारलं नव्हतं.